नदीतला दगड उलटून पाहताना

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पाण्यातल्या किड्यांवर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेला गेलेले माझे शाळासोबती हसतील, याची मला कल्पना आहे. मी स्वतःही सहा महिन्यांपूर्वी हसलो असतो. किडा दिसला की झटकावा, फार तर चप्पल उचलावी, एवढाच माझा आणि कीटकसृष्टीचा संबंध होता. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भूगोल विभागाची अभ्यास-सहल हिमाचल प्रदेशात कुलू जिल्ह्यात गेली आणि परत आलो तेव्हा माझ्या वहीच्या शेवटच्या पानांवर दऱ्या-डोंगरांऐवजी सहा पायांचे, दोन-तीन शेपट्यांचे चमत्कारिक प्राणी रेखाटलेले होते. त्या पानांची हकीकत, आणि त्यांचा आमच्या गावच्या ओढ्याशी जडलेला संबंध, वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

आमचा मुक्काम तीर्थन नदीच्या खोऱ्यात होता. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उंच बर्फाळ प्रदेशात उगम पावणारी ही नदी गुशैणी, बंजार या गावांवरून धावत येऊन लारजीजवळ बियास नदीला मिळते. या उद्यानाला २०१४ साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. कार्तिकातले पाणी काचेसारखे नितळ आणि असे गार की पाच मिनिटे पाय बुडवले तर पाय आपले आहेत की शेजाऱ्याचे, ते समजू नये. याच पाण्यात ट्राउट नावाचा मासा राहतो आणि त्याच्यासाठी दूरदूरचे हौशी मासेमार गळ घेऊन या खोऱ्यात येतात.

ट्राउट हा मूळचा आपल्याकडचा मासा नव्हे. इंग्रज अधिकाऱ्यांना विलायतेतल्या नद्यांची आठवण येई; त्या आठवणीपायी इसवी सन १९०० च्या सुमारास ब्राउन ट्राउटची अंडी बोटीने आणून काश्मीरमध्ये वाढवण्यात आली आणि १९०९ साली कुलू खोऱ्यात त्याची पैदास सुरू झाली. पुढे रेनबो ट्राउटही आला. मासा परका, पण तो जगतो ते मात्र इथल्याच नदीतल्या, इथल्याच किड्यांवर. म्हणून ट्राउटची नदी समजून घ्यायची असेल, तर माशाआधी त्याचे ताट पाहिले पाहिजे. ते ताट म्हणजे नदीतल्या दगडांची खालची बाजू.

हे मला शिकवले ते आमच्या मुक्कामाच्या घराच्या मालकांनी. त्यांना आम्ही सारे चाचाजी म्हणत असू. हौशी मासेमारांना वाट दाखवण्यात त्यांचे निम्मे आयुष्य गेलेले. पहिल्याच सकाळी आम्ही नदीच्या वेगाची मोजणी करीत होतो, तेव्हा ते काठाशी आले, वाकून एक नारळाएवढा गोटा उचलला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. त्यावर निदान पंधरा जीव वळवळत होते. मी दोन पावले मागे सरलो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता मुख्य विषयाकडे वळतो.

नदीतले हे किडे म्हणजे बहुतेक सारे उडणाऱ्या कीटकांची बाल्यावस्था. आयुष्याचा फार मोठा भाग ते पाण्यात काढतात आणि अखेरचे काही तास किंवा काही दिवस पंख फुटून हवेत येतात. त्यांच्या वाढीच्या दोन तऱ्हा आहेत. काही कीटकांचे पिल्लू पहिल्यापासून थोडेफार प्रौढासारखेच असते, कात टाकत टाकत वाढते आणि त्याच्या पाठीवर पंखांचे कोंब हळूहळू मोठे होतात. अशा पिल्लाला निंफ म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत फुलपाखराप्रमाणे अळी, कोष आणि मग पंखधारी कीटक असा क्रम असतो. अळीच्या अंगावर पंखांची खूणसुद्धा दिसत नाही. हा एक भेद ध्यानात ठेवला, तर ओळखीचे निम्मे काम होते.

आपल्या बोलीत चतुर आहे, टाचणी आहे, भुंगेरा आहे. पण ट्राउटच्या नदीतल्या तीन प्रमुख मंडळींना रूढ मराठी नावे मला तरी कोणाकडून ऐकायला मिळाली नाहीत. म्हणून मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय ही इंग्रजी नावेच येथे वापरतो. वाचकांनी गोड मानून घ्यावीत.

साहित्य फार लागत नाही. एक पांढरी प्लास्टिकची थाळी, चहाची मोठी गाळणी, चित्रकलेचा मऊ ब्रश आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग, एवढे पुरे. नदीच्या उथळ, खळाळत्या भागात प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे. दगड उचलण्यापूर्वी त्याच्या लगतच खालच्या बाजूला गाळणी धरावी, म्हणजे सुटलेले किडे वाहून जाण्याऐवजी तीत अडकतात. मग ब्रशने अलगद थाळीतल्या पाण्यात उतरवावेत. पाहून झाले की किडे नदीत सोडावेत आणि दगड ज्या जागी, ज्या कुशीवर होता तसाच ठेवावा. चाचाजींचा याबाबत कटाक्ष होता. कोणाच्या घराचे छप्पर उचलून पाहिले, तर निदान ते परत तरी बसवावे, असे ते म्हणत.

ओळख पटवण्याचा पहिला प्रश्न असा : याला सांध्यांचे सहा पाय आहेत की नाहीत?

पाय नसतील, तर ती बहुधा माशी-डासांच्या कुळातली अळी समजावी. खळाळत्या पाण्यात दगडाच्या गुळगुळीत पाठीवर काळपट, तालमीतल्या मुद्गलासारख्या आकाराच्या, एकमेकींना खेटून डोलणाऱ्या अळ्या दिसतात. त्या ब्लॅकफ्लायच्या. रेशमाचा ठिपका दगडावर चिकटवून त्यात त्या आपल्या बुडाचे बारीक आकडे रोवतात आणि डोक्यावरचे दोन पंखे पसरून वाहत्या पाण्यातले अन्नकण गाळून खातात. अगदी धबधब्याच्या धारेखालच्या दगडावर दुसरी एक अळी सापडते. तिच्या पोटाखाली एका रांगेत सहा चूषक असतात. तिला सोडवताना नखे वापरावी लागतात. आणि गाळात, शेवाळात धाग्यासारख्या वळवळणाऱ्या असतात त्या कायरोनोमस कुळातल्या चिलटांच्या अळ्या. यांतल्या काही लालभडक असतात. आपल्या रक्तात असते तसे हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असते आणि त्यामुळे जेथे प्राणवायू अगदी कमी आहे, अशा घाण पाण्यातही त्या तग धरतात. या लाल अळ्या वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. त्यांची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

सहा पाय असतील, तर दुसरा प्रश्न : पाठीवर पंखांचे कोंब आणि मागे लांब शेपट्या आहेत काय?

नसतील आणि शरीर सुरवंटासारखे मऊ असेल, तर अगदी मागचे टोक पाहावे. तेथे दोन आखूड पायांसारखे अवयव आणि प्रत्येकाला एक आकडा असेल, तर ती कॅडिसफ्लायची अळी. हिच्याइतका कसबी गवंडी मी पाहिलेला नाही. ओठाजवळून रेशीम काढायचे, त्यात वाळूचे कण, बारीक खडे किंवा पानांचे तुकडे चिकटवून आपल्याभोवती नळी बांधायची आणि घर पाठीवर घेऊन हिंडायचे, असा तिचा संसार. पण सगळ्याच कॅडिस घर बांधीत नाहीत. हायड्रोप्सायकी कुळातली अळी दगडांच्या फटीत कोळ्यासारखे जाळे विणून वाहत येणारे अन्न पकडते. तिच्या छातीच्या तिन्ही खंडांवर कडक तपकिरी ढाली असतात आणि पोटाखाली कल्ल्यांचे झुपके असतात. रायाकोफिला नावाची हिरवट अळी तर ना घर बांधते ना जाळे; ती मोकळी फिरून इतर किड्यांची शिकार करते. तिच्या छातीच्या फक्त पहिल्या खंडावर ढाल असते.

येथे एक सावधगिरी. शरीराच्या दोन्ही कडांना गोमेच्या पायांसारखे लांब तंतू असतील, जबडा दांडगा असेल आणि मागच्या दोन अवयवांना एकाऐवजी दोन-दोन आकडे असतील, तर ती डॉब्सनफ्लायची अळी. बोटाएवढी होते आणि कडकडून चावते. आमच्या एका वर्गबंधूला याचा दाखला मिळाला. आणि दगडावर तांब्याच्या नाण्यासारखी चपटी गोल चकती चिकटलेली दिसली, तर ती खरवडून उलटी करावी. खाली सहा पाय दिसतील. ती एका जातीच्या भुंगेऱ्याची अळी आहे.

पंखांचे कोंब आणि लांब शेपट्या असतील, तर तो मेफ्लाय किंवा स्टोनफ्लायचा निंफ. येथेच नवशिक्याची परीक्षा आहे आणि येथेच मी नापास झालो.

पुस्तकात ठळक अक्षरात लिहिलेले असते की मेफ्लायला तीन शेपट्या आणि स्टोनफ्लायला दोन. मी हे सूत्र रात्रीच पाठ केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी थाळीत एक चपटा, रुंद डोक्याचा किडा उतरला. शेपट्या मोजल्या, दोन. आमचे सर आणि वीस-बावीस विद्यार्थी भोवती उभे. मी मोठ्या थाटात जाहीर केले की हा स्टोनफ्लाय, सर्वांत स्वच्छ पाण्यात राहणारा, सबब या ठिकाणचे पाणी उत्तम. सरांनी मान डोलावली. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. चाचाजी मात्र काही न बोलता खाली बसले, भिंग डोळ्याला लावले आणि म्हणाले, "पूँछ मत गिनो बेटा, नाख़ून गिनो।"

मी भिंगातून पाहिले. प्रत्येक पायाच्या टोकाला एकच नखी. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले. तो मेफ्लाय होता. हिमालयातल्या वेगवान प्रवाहात एपिओरस नावाचा मेफ्लाय आढळतो आणि त्याला दोनच शेपट्या असतात. शिवाय एखाद्याची तिसरी शेपटी हाताळताना तुटूही शकते. तेव्हा भरवशाच्या खुणा अशा : मेफ्लायच्या पायाला एक नखी, कल्ले पोटाच्या बाजूंना, आणि पाठीवर पंखांच्या कोंबांची एकच जोडी ठळक दिसते. स्टोनफ्लायच्या पायाला दोन नख्या, कोंबांच्या दोन जोड्या स्पष्ट, आणि मोठ्या जातींत कल्ल्यांचे झुपके पायांच्या मुळाशी, म्हणजे काखेत असावेत तसे.

दुपारी खरा स्टोनफ्लाय सापडला. पिवळ्या-काळ्या नक्षीचा, जवळजवळ दीड इंच लांब. थाळी उन्हात ठेवून आम्ही त्याची चित्रे काढीत बसलो आणि थोड्याच वेळात तो पायांवर अंग वरखाली करू लागला, अगदी आखाड्यातल्या पहिलवानाने दंड काढावेत तसा. आम्हाला गंमत वाटली. चाचाजींनी घाईने थाळी नदीत बुडवून पाणी बदलले. तो व्यायाम नव्हता. त्याचा जीव गुदमरत होता. थाळीतले पाणी तापून त्यातला प्राणवायू कमी झाला होता आणि कल्ल्यांवरून पाणी खेळते राहावे म्हणून त्याची ती धडपड चालली होती.

या एका दृश्यात सारे शास्त्र आले. थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो. समुद्रसपाटीच्या दाबाला १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशाला सुमारे ९.१ आणि ३० अंशाला सुमारे ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. पाण्यात सांडपाणी, शेण, कुजका कचरा मिसळला की तो कुजवणारे जीवाणू हा साठा वापरून टाकतात. मग सर्वांत आधी स्टोनफ्लाय जातो, त्यामागून चपटे मेफ्लाय. कॅडिसमधले काही टिकतात. आणि शेवटी उरतात ते लाल अळ्या आणि गाळातले बारीक गांडुळासारखे कृमी. म्हणजे दगडाखाली कोण राहते आणि कोण घर सोडून गेले, यावरून पाण्याची प्रकृती समजते.

कोणी विचारील की बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत दिले, तर काम भागणार नाही काय? भागेल, पण बाटली फक्त त्या क्षणाचे सांगते. काल रात्री कोणी काही सोडले आणि ते सकाळपर्यंत वाहून गेले, तर बाटलीला त्याचा पत्ता नसतो. याउलट स्टोनफ्लायच्या काही मोठ्या जातींचे निंफ दोन-तीन वर्षे पाण्यात काढतात. असा एक जिवंत निंफ म्हणजे इतका काळ येथे फारसे वाईट घडलेले नाही, याची साक्षच.

ही साक्ष आकड्यांत मांडण्याची एक सोपी पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये तयार झाली. प्रत्येक कुळाला त्याच्या नाजूकपणाप्रमाणे एक ते दहा गुण द्यायचे. मोठ्या स्टोनफ्लायच्या पर्लिडी कुळाला १०, चपट्या मेफ्लायच्या हेप्टाजेनिडी कुळाला १०, रायाकोफिलाच्या कुळाला ७, जाळे विणणाऱ्या हायड्रोप्सायकीच्या कुळाला ५, ब्लॅकफ्लायला ५, बेटिस या लहान, निमुळत्या मेफ्लायच्या कुळाला ४, कायरोनोमसच्या कुळाला २ आणि गाळातल्या कृमींना १. सापडलेल्या कुळांची बेरीज करून कुळांच्या संख्येने भागायचे. किडे किती सापडले, ते मोजायचे नाही. कुळे कोणती, एवढेच पाहायचे. तीर्थनच्या आमच्या जागी वरची कृमी सोडून बाकी सातही कुळे मिळाली. बेरीज ४३, सरासरी ६.१.

यात माझी सकाळची चूक कितपत महाग पडली असती? त्या दिवशी फारशी नाही, कारण योगायोगाने एपिओरसच्या कुळालाही १० च गुण आहेत. पण चूक दुसरीकडे झाली असती तर? बेटिसची तिसरी, मधली शेपटी आखूड असते. ती नजरेतून सुटली आणि मी त्याला स्टोनफ्लाय म्हटले, तर ४ चे १० होतात. घाण पाणी कागदावर स्वच्छ होते. हे मला पुढे फार उपयोगी पडले.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण हा लेख वाचणाऱ्यांत साहित्याचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. मेफ्लायच्या गणाचे शास्त्रीय नाव एका दिवसाचे आयुष्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. पंख फुटल्यावर त्याला खाता येत नाही. काही तास किंवा दोन-चार दिवसांत जोडीदार शोधून, अंडी घालून तो संपतो. आणखी एक विशेष म्हणजे पंख आल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा, आज हयात असलेल्या कीटकांतला हा एकटाच गण. पण त्याला क्षणभंगुर म्हणणारे कवी त्याची पाण्यातली महिनोन्‌महिन्यांची मेहनत विसरतात. विलायतेतल्या मासेमारांनी मात्र ती चांगली ओळखली होती. अल्फ्रेड रोनाल्ड्स यांनी १८३६ साली मासेमारांसाठी कीटकशास्त्राचे पुस्तक काढले आणि त्यात खरा कीटक व त्याची दोरा-पिसांची नक्कल शेजारी-शेजारी रंगवून दाखवली. माशाला फसवायचे, तर किडा बिनचूक ओळखता आला पाहिजे. गरजेतून विद्या कशी जन्मते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता गावच्या ओढ्याविषयी.

आमचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी. डोंगरातून येणारा ओढा गावाच्या कडेने वाहतो. गावाच्या खालच्या अंगाला, गोठ्यांची आणि वस्तीची गटारे ओढ्याला मिळतात त्याच्या जरा पुढे, नव्या नळपाणी योजनेची विहीर खोदावी, असे घाटत होते. जागा सोयीची, पाइप कमी लागणार, खर्च वाचणार. माझे थोरले काका ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. सहलीहून आल्यावर मी ओढ्यावर जातो म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, पाणी आरशासारखं आहे. तळाचा खडा दिसतो. त्यात काय बघायचंय?"

मी दोन्ही जागा पाहिल्या. गावाच्या वर, डोंगराच्या सोंडेखाली, दगड उलटले. आपल्याकडे ट्राउट नाही, पाणीही तीर्थनसारखे गार नाही. तरी मला तेथे पर्लिडी कुळातला एक लहानसा स्टोनफ्लाय सापडला. तो मी तीनदा तपासला. प्रत्येक पायाला दोन नख्या, पायांच्या मुळाशी कल्ले. शिवाय चपटा मेफ्लाय, हायड्रोप्सायकी, बेटिस, ब्लॅकफ्लाय आणि कायरोनोमस. सहा कुळे, बेरीज ३६, सरासरी ६. ज्या नदीसाठी लोक हजारो मैलांवरून येतात तिच्या जवळपास जाणारा हा आकडा पाहून मला आमच्या ओढ्याचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

मग खालची जागा. पाणी खरोखरच आरशासारखे होते. पण दगडाची खालची बाजू काळी, तिला कुजका वास आणि थाळीत लालभडक अळ्यांचा गुंता. त्यांच्यात गाळातले कृमी. शेवटी एक निमुळता निंफ सापडला आणि मला त्याच्या शेपट्या दोन दिसल्या. क्षणभर वाटले की काकांचेच खरे. हा स्टोनफ्लाय, पाणी चांगले आहे, वाद नको. मग चाचाजींचे शब्द आठवले. नख्या मोजल्या. एकच. कल्ले पोटाला. मधली आखूड शेपटीही भिंगात दिसली. बेटिस. तीन कुळे, बेरीज ७, सरासरी २.३.

दोन थाळ्या घेऊन मी काकांसमोर गेलो. "काका, हे वरचं पाणी आणि हे खालचं. पाणी दोन्हीकडे सारखंच दिसतं. त्यात राहणारे बघा." त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिले. ते एवढेच म्हणाले, "पण हे सभेत कोणाला पटायचं नाही. किडे दाखवून विहिरीची जागा बदलतात काय?"

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शिवाय माझ्या हातूनही एक घोटाळा झाला होता. उत्साहाच्या भरात मी आजीला सांगून बसलो की वरचे पाणी शुद्ध आहे, तसेच प्यायले तरी चालेल. महाविद्यालयात आल्यावर सरांना सारी हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी माझे कान उपटले. किडे सांगतात ते प्राणवायूचे आणि सेंद्रिय घाणीचे. पटकीचे, काविळीचे जंतू त्या पाण्यात आहेत की नाहीत, हे स्टोनफ्लायला विचारून कळत नाही. प्यायचे पाणी तपासायला प्रयोगशाळाच पाहिजे आणि तोवर ते उकळूनच प्यायले पाहिजे. त्याच संध्याकाळी मी आजीला फोन केला. ती म्हणाली, "मी उकळतेच आहे रे. तू शिकलास म्हणून मी चूल विझवू होय?"

सरांनी आणखी दोन मर्यादा सांगितल्या, त्या येथे नोंदवतो. एक, हे गुण ब्रिटनमधल्या नद्यांवरून ठरलेले आहेत. हिमालयाला किंवा सह्याद्रीला ते जसेच्या तसे लावून अखेरचा निर्णय देता येत नाही. एकाच ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या जागांची, एकाच दिवशी, सारख्याच प्रवाहात आणि सारख्याच मेहनतीने केलेली तुलना मात्र पुष्कळ काही सांगते. दुसरी, किडे नाहीत म्हणजे पाणी दूषित, असा उलटा निष्कर्ष घाईने काढू नये. २०२३ च्या जुलैत बियासच्या खोऱ्यात आला तसा महापूर नदीचा तळच खरवडून नेतो. त्यानंतर स्वच्छ पाण्यातही दगड ओस पडलेले असतात. आपल्याकडे ओढा उन्हाळ्यात आटतो, तेव्हाही तेच. दगडाखाली कोणी नसेल, तर त्याचे कारण शोधावे. कारण सापडण्याआधी निकाल देऊ नये.

गावी पुढे काय झाले? फार मोठे काही नाही. गेल्या ग्रामसभेत काकांनी किड्यांचे नावही काढले नाही. त्यांनी एवढीच सूचना मांडली की विहिरीची जागा पक्की करण्याआधी गटाराच्या वरचे आणि खालचे, असे दोन्ही ठिकाणचे पाणी प्रयोगशाळेत पाठवावे. थोडी कुरकुर झाली, पण सूचना मंजूर झाली. हा लेख लिहीपर्यंत अहवाल आलेला नाही. तो काय येईल, हे मी सांगू शकत नाही. पण प्रश्न विचारला गेला आणि तो विचारण्याची बुद्धी दोन थाळ्यांनी दिली, एवढे समाधान मला आहे.

भूगोलाच्या पुस्तकात नदीची व्याख्या मी चार गुणांसाठी अनेकदा लिहिली आहे. उगम, मार्ग, क्षरण, संचयन. त्यात राहणाऱ्यांचा उल्लेख तीत कोठे नव्हता आणि मलाही तो कधी चुकल्यासारखा वाटला नव्हता. आता एखाद्या पुलावरून एस.टी. जाऊ लागली की माझी नजर खालच्या दगडांवर जाते. त्यांच्याखाली कोण उरले असेल, याची चुटपुट लागते.

आपल्या महाविद्यालयामागच्या नाल्यातले दगड अजून कोणी उलटलेले नाहीत. पुढच्या वर्षी पावसाळा ओसरला की, दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी ते काम करण्याचा आमच्या चार-पाच जणांचा विचार आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी भूगोल विभागात नाव द्यावे. थाळी आणि भिंग आम्ही आणू. किड्यांची भीती वाटत असली तरी हरकत नाही. मीही दोन पावले मागे सरलोच होतो.